चार रविवार, चारशे रुपये: खोटे मेसेज ओळखायला शिकवणारा सोलापुरातला वर्ग

माझं मेडिकल पूर्व भागात, अशोक चौकातून थोडं आत गेलं की लागतं. १९ वर्षं झाली. निम्मी गिऱ्हाइकं घरात तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी, आणि काउंटरवर आली की सगळ्यांची मराठी सुरू होते. बायका बऱ्याचशा विड्या वळणाऱ्या, पुरुष यंत्रमागावर नाहीतर गारमेंटमध्ये. हल्ली डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर मोबाईलही काउंटरवर येतो. "ताई, हे बघा जरा, खरं हाय का?" हा प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा येतो, आणि त्याचं उत्तर मी कित्येक वर्षं चुकीच्या पद्धतीने देत होते. ते ज्या वर्गात माझ्या लक्षात आलं, त्याच्याबद्दल लिहिते आहे.

वर्ग म्हणजे चार रविवारांची कार्यशाळा. खोट्या बातम्या, खोटे व्हिडिओ, औषधांचे खोटे दावे कसे ओळखायचे, आणि ते पाठवणाऱ्या आपल्याच माणसाशी कसं बोलायचं. फी ४०० रुपये, त्यात चहा आणि एक छापील पुस्तिका. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा, उठल्यानंतरचे लगेचचे चार रविवार, सकाळी १० ते १, गावाच्या मध्यात एका जुन्या वाचनालयाचा दुसरा मजला. शिकवायला दोघं: वर्तमानपत्रात बरीच वर्षं काढलेल्या एक बाई, आणि फोटो-व्हिडिओ तपासायचं काम करणारा एक तरुण मुलगा. आमची नावं कुठे लिहू नका, असं दोघांनीही सांगितलंय. एक बातमी खोटी आहे म्हटल्यावर बाईंना रात्री-अपरात्री फोन यायचे, म्हणून. पत्ता हवा असेल तर दुकानावर या, सांगते.

मी का गेले ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दर महिन्याच्या १० तारखेनंतर एक अक्का त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, शुगरच्या गोळ्या न्यायला यायच्या. मेटफॉर्मिन ५००, सकाळ-संध्याकाळ, महिन्याची सहा पाकिटं. पैसे पदराच्या गाठीतून काढून मोजून द्यायच्या, कधी उधारी नाही. दिवाळीनंतर दोन महिने त्या आल्याच नाहीत. डिसेंबरात नातवाच्या तापाचं औषध न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "गोळी बंद केलाव ताई आम्ही. आता पावडर चालू हाय." आणि मोबाईल पुढे केला. पांढरा कोट घातलेला माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे ग्रंथांनी भरलेलं कपाट, तेलुगू बोलतोय. खाली मोठ्या अक्षरात २१ दिवस. एक डबा १,८५० रुपयांना. असे दोन डबे झाले होते.

दुकानात चार माणसं उभी होती. माझा आवाज चढला. "अक्का, एवढं पण कळत नाही का तुम्हाला? मरायचंय का त्यांना?" असंच म्हणाले मी. अक्कांनी मोबाईल परत घेतला, ताप उतरायची बाटली पिशवीत टाकली आणि काही न बोलता गेल्या. त्यानंतर त्या माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. जानेवारीत त्यांच्या शेजारणीकडून कळलं की मालकांच्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम भरत नाहीये.

मी फार्मसी शिकलेली बाई. माझ्याकडे खरी माहिती होती, त्या व्हिडिओवाल्याकडे नव्हती. तरी अक्का त्याच्याकडे गेल्या आणि माझ्याकडून निघून गेल्या. ही गोष्ट मला झोपू देईना. होलसेलवाल्याच्या काउंटरवर वर्गाचा कागद चिकटवलेला दिसला, त्याच दिवशी पैसे भरले.

पहिल्या रविवारी आम्ही ३२ जण होतो. निवृत्त शिक्षक, इंजिनिअरिंगची पोरं, दोन आशाताई, एक अंगणवाडीताई, एक यंत्रमागवाले, चादर-टॉवेलचे एक व्यापारी, मंगळवेढ्याहून एसटीने आलेले एक गृहस्थ. पहिला तास मला पटला नाही. अनवधानाने पसरवलेलं खोटं वेगळं, मुद्दाम पसरवलेलं वेगळं, आणि खरीच माहिती कुणाचं वाईट करायला बाहेर काढलेली तिसरी, अशी वर्गवारी फळ्यावर लिहून झाली. पुस्तिकेत त्यांना अपमाहिती, दुर्माहिती असे शब्द दिलेत. माझ्या शेजारच्या आशाताईंनी ते वहीत उतरवून घेतले आणि मला विचारलं, "ह्यातलं कुठलं कुठलं हो?" मलाही सांगता आलं नाही. भेद महत्त्वाचा आहे हे मला आता समजतं. पावडरवाला मुद्दाम खोटं बोलतो, आणि तोच व्हिडिओ पुढे पाठवणारा भाऊ जिवाच्या काळजीने पाठवतो. दोघांना एका मापाने मोजायचं नाही. पण हे उदाहरणातून सांगायला हवं होतं, शब्दांतून नाही.

मग त्या मुलाने एक व्हिडिओ लावला. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि जातात. २०१८ साली हा व्हिडिओ देशभर फिरला होता, मुलं पळवणारी टोळी आली म्हणून. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी हात वर केले, बघितलाय म्हणून. माझाही हात वर होता. मी तेव्हा तो माझ्या बहिणीला पाठवला होता, तिची पोरं लहान होती.

त्याने तोच व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी पूर्ण. मोटारसायकल वळून परत येते. पोराला उतरवतात. मागे बसलेला माणूस एक फलक उघडून दाखवतो. तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी जनजागृती करणारा व्हिडिओ होता. शहराच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. कुणीतरी शेवटचे काही सेकंद कापले आणि बाकीचं आपल्याकडे आलं.

पुढे बाई बोलल्या, आवाज न चढवता. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराला भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. एसटीने आलेले ते गृहस्थ खाली मान घालून बसले होते. मधल्या सुटीत त्यांनी चहा घेतला नाही. गावात त्या वेळी काय झालं होतं, हे त्यांनी नंतर दोन वाक्यांत सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही.

त्या दिवसापर्यंत राईनपाडा माझ्यासाठी धुळ्याकडची बातमी होती. आपल्या जिल्ह्यातली माणसं पोट भरायला तिकडे गेली होती, हे मी विसरून गेले होते. त्याच काळात मी तो कापलेला व्हिडिओ बहिणीला पाठवला होता. माझ्या त्या एका बोटाचा राईनपाड्याशी थेट संबंध नाही, हे बाईंनीच मला सांगितलं. तरी ४०० रुपये मला त्या अर्ध्या तासातच वसूल झाले.

दुसरा रविवार मोबाईलचा. त्या दिवशी १० बायका कमी होत्या, कारण त्यांच्या भागात पाणी आलं होतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून कोण येईल? वर्गवाल्यांनी याचा विचार करायला हवा. सोलापुरात बायकांसाठी काही ठेवायचं तर एकाच विषयाच्या दोन वेळा ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट सोपी होती. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर एक बाण असेल तर तो कुणाकडून तरी पुढे आलेला आहे. दोन बाण असतील तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, हे बंधन एप्रिल २०२० पासूनचं. त्याआधी जुलै २०१८ मध्ये, मुलं पळवण्याच्या अफवांनी माणसं मेल्यावर, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आली. दोन बाण म्हणजे मेसेज खोटाच असं नाही, खराही असू शकतो. पण दोन बाण दिसले की थांबायचं. आमच्याकडच्या बायकांना वाचता आलं नाही तरी दोन बाण दिसतात, म्हणून मला हा सगळ्यात उपयोगी धडा वाटला.

दुसरी गोष्ट माझ्या सवयीच्या उलट होती. मी शिकलेली, म्हणून एखाद्या पानावर शंका आली की तेच पान वरपासून खालपर्यंत नीट वाचायची. भाषा कशी आहे, प्रमाणपत्र लावलंय का, पत्ता दिलाय का. बाईंनी सांगितलं, नेमकं हेच करायचं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १० इतिहासकार, बातम्या तपासणारे १० जण आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. प्राध्यापक आणि पोरं त्या पानातच अडकून पडले, चांगल्या दिसण्याला फसले. तपासणारे लोक काही क्षणांत पान सोडून बाहेर पडले आणि त्याच्याबद्दल इतर कोण काय म्हणतंय ते बघून आले. त्यांची उत्तरं बरोबर आली, तीही कमी वेळात. स्थळ बघायला गेल्यावर आपण मुलाच्या घरच्यांनाच विचारत बसतो का? शेजारी, नातलग, ऑफिस, सगळीकडे कानोसा घेतो. हे बाईंचं उदाहरण, आणि हॉलमध्ये सगळ्यांना ते एका झटक्यात कळलं.

मी तिथेच अक्कांच्या पावडरीचं पान उघडलं. त्या पानावर सगळं होतं, मोहोर, प्रमाणपत्र, बरे झालेल्यांचे फोटो. पान बंद करून पावडरीचं नाव बाहेर शोधलं तर ती विकणाऱ्यांशिवाय जगात कुणालाच ती माहीत नव्हती. मग व्हिडिओ थांबवून त्या डॉक्टरचा स्क्रीनशॉट काढला आणि गुगल लेन्समध्ये टाकला. तोच चेहरा, तोच कोट, विकत मिळणाऱ्या फोटोंच्या एका परदेशी संकेतस्थळावर सापडला. तिथे तो डॉक्टर म्हणून नव्हता, कोट घालून उभा राहिलेला मॉडेल म्हणून होता. वर तोंड हलवून तेलुगू आवाज घातलेला. माझा हात थरथरत होता. एका माणसाची गोळी तीन महिने बंद पाडणारा डॉक्टर अस्तित्वातच नव्हता.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट मी तिथे सांगितली. शुगर मुळापासून बरी करतो अशी जाहिरात करणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तो कायदा १९५४ सालचा आहे, औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. मधुमेह त्या यादीत आहे. म्हणजे पावडर चांगली की वाईट हे तपासायच्या आधीच, अशी जाहिरात करणारा माणूस कायदा मोडतोय एवढं नक्की कळतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी फळ्यावर मांडलं. शिकवणारा माणूस आपल्याकडून शिकायला तयार आहे, हे मला फार आवडलं.

सरावासाठी प्रत्येकाने स्वतःला आलेला एक मेसेज आणायचा होता. मी पॅरासिटामॉलचा नेला. तो तुम्हालाही आला असेल: पी-५०० लिहिलेली पांढरी चकचकीत गोळी घेऊ नका, त्यात माचुपो नावाचा जगातला सगळ्यात घातक विषाणू आहे, हा मेसेज सगळ्यांना पाठवा. दर वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा उगवतो, आणि त्या आठवड्यात लोक ताप आलेल्या पोराला गोळी न देता घरी बसवतात. माचुपो नावाचा विषाणू खरंच आहे, पण तो दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियातला, तिथल्या उंदरांपासून पसरणारा. कोरड्या गोळीत तो जगू शकत नाही. मलेशिया आणि सिंगापूरच्या आरोग्य खात्यांनी २०१७ सालीच हा मेसेज खोटा असल्याचं सांगितलंय. आमच्या गटातल्या १९ वर्षांच्या मुलाने हे सगळं चार मिनिटांत शोधलं. खोट्यात एक खरा दाणा असतो, विषाणूचं नाव खरं, म्हणून ते पचतं, असं तो म्हणाला. खरंच आहे ते.

आता तिसरा रविवार, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. बाकीच्या तीन रविवारांचं बरंचसं तुम्हाला फोनवर शोधून वाचता येईल. हे येणार नाही.

बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. एकाने मेसेज पाठवणारा व्हायचं, दुसऱ्याने त्याला समजवायचं. कुणी सासरे झालं, कुणी ग्रुपवरचे काका. माझ्या चिठ्ठीत होतं: तुमच्या नवऱ्याला शुगर आहे, तुम्ही त्यांची गोळी बंद केली आहे. मी बाईंना अक्कांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. असं इतक्या घरांत होतं की चिठ्ठीत तेच येतं.

समोर इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याने कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "काकू, एवढं पण कळत नाही का तुम्हाला?"

माझेच शब्द. मी मोबाईल हातात धरून उभी होते, ३० जण बघत होते, आणि माझ्या तोंडून उत्तरच निघेना. खोटं नाटक होतं ते, तरी कानशिलं गरम झाली. एकच वाटलं, इथून निघून जावं. पावडर खरी की खोटी हा विचार मनात आलाच नाही. अक्का त्या दिवशी कशा उभ्या असतील ते मला तिथे कळलं.

बाईंनी आम्हाला बसवलं आणि विचारलं, हा व्हिडिओ कुणी पाठवला असेल? मुलगा म्हणाला, ते कशाला विचारायचं, खोटा आहे ना? बाई म्हणाल्या, पाठवणारा तिचा भाऊ असेल तर तुम्ही व्हिडिओला खोटं म्हणत नाही, भावाला खोटं म्हणताय. पहिला प्रश्न म्हणून हाच विचारायचा: कुणी पाठवला? मग, तुम्हाला काय वाटलं बघून? उत्तर बहुतेक वेळा भीती असतं नाहीतर आशा. त्या भीतीला आधी मान द्यायचा. चारचौघांत कधीच नाही, एकटं गाठून. आणि तपासायचं तर त्यांच्या हातून, आपल्या हातून नाही.

दुसरी गोष्ट, खोटं खोडताना त्याचीच टिमकी वाजवायची नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, हे मानसशास्त्रात १९७७ सालापासून माहीत आहे. मी काय करायचे? तो पॅरासिटामॉलचा फोटो जसाच्या तसा स्टेटसला लावून खाली "हे खोटं आहे" लिहायचे. लोक फोटो बघायचे, खालची ओळ कोण वाचतो? आता आधी खरं सांगायचं, मग खोटं काय फिरतंय ते थोडक्यात, मग परत खरं. फोटो लावलाच तर त्याच्यावर आडवी लाल फुली मारून. एक आशाताई म्हणाल्या, म्हणजे भाकरी-चटणी-भाकरी. ते नाव वर्गात तिथून पुढे कायम झालं.

आणि तिसरी, जी मला औषधवाली म्हणून एकदम जवळची वाटली. खोटं येण्याआधीच त्याची लस टोचायची. विल्यम मॅकग्वायर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि हल्ली केंब्रिजच्या संशोधकांनी ती खोट्या बातम्यांसाठी वापरून बघितली. लोकांना आधीच सांगून ठेवायचं, असा असा मेसेज येईल, त्यात अशी अशी युक्ती असेल. मग तो आला की माणूस ओळखतो. पावसाळा लागला की डेंगूचे मेसेज येणार हे मला पक्कं ठाऊक असतं: अमक्या रसाने २४ तासांत प्लेटलेट वाढतात, तमकी गोळी खाल्ली की डेंगू गायब. डेंगूवर असं एखादं खास औषध नाही. भरपूर पाणी, पेज, विश्रांती, तापाला पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांची नजर, हेच. अंग ठणकतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतली तर रक्तस्राव व्हायचा धोका. हे मी यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यातच मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर लावलं, मेसेज यायच्या आधी.

चौथा रविवार कमी पडला. बनावट व्हिडिओंचा विषय, ज्यात खऱ्या नामांकित डॉक्टरांच्या तोंडी यंत्राने भलतेच शब्द घातलेले असतात. ओठ आणि आवाज जुळतात का बघा, असं त्या मुलाने दाखवलं, आणि हेही प्रामाणिकपणे सांगितलं की ह्या खुणा महिन्या-महिन्याला कमी होत चालल्यात, डोळ्यावर भरवसा ठेवू नका, त्या डॉक्टरच्या किंवा रुग्णालयाच्या स्वतःच्या खात्यावर जाऊन बघा. पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन लावा. इथवर ठीक. पण मध्येच लाइट गेली, प्रोजेक्टर बंद, आणि उरलेला तास दोन गृहस्थांनी राजकारणावरून भांडण्यात घालवला. एक म्हणे तुमच्या लोकांचे मेसेज खोटे, दुसरा म्हणे तुमचे. बाईंनी थांबवायला उशीर केला. शेवटच्या दिवशी आम्ही १९ जणच उरलो होतो, त्यातलेही काही तेव्हा उठून गेले.

अजून तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना लिहूनही दिल्यात. जिना अरुंद आणि उंच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन मजले चढवत नाहीत, आणि मेसेज सगळ्यात जास्त पाठवणारी माणसं त्याच वयाची आहेत. पुस्तिकेची मराठी आशाताईंना अवघड गेली. आवाजी मेसेजबद्दल एक शब्द नाही. आमच्या भागात लिहिलेल्या मेसेजपेक्षा बोललेले जास्त फिरतात, त्यांना फोटोसारखं शोधात टाकता येत नाही, त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. आणि मोठी उणीव म्हणजे सगळा वर्ग मराठीत, सगळी उदाहरणं मराठी-हिंदी. सोलापुरात खोटं तेलुगूत येतं, कन्नडमध्ये येतं, हैदराबाद-वरंगलच्या पाहुण्यांकडून येतं, विजापूर-कलबुर्गीहून येतं. ते खोडायचं शिक्षण फक्त मराठीत दिलं तर अर्धं गाव बाहेर राहतं.

तरीही जा. पाचपैकी चार गुण देईन, आणि तिसऱ्या रविवारचे वेगळे विचाराल तर पाचच्या पाच.

अक्कांचं सांगते. वर्ग संपल्यावर मंगळवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेले. शुगरचं मशीन पिशवीत घेतलं होतं. अक्का सुपात तंबाखू-पानं घेऊन बसल्या होत्या, मला बघून हात थांबला. मी आधी माफी मागितली. चार माणसांत बोलले ते चुकलं म्हणाले. त्यांनी पाट सरकवला. मग विचारलं, "अक्का, तो व्हिडिओ कुणी पाठवला होता?" म्हणाल्या, "माझा तम्मुडू, वरंगलचा." धाकटा भाऊ. त्याच्या सासऱ्यांचा पाय शुगरने कापावा लागला होता, मेहुण्याचं तसं होऊ नये म्हणून त्याने पाठवला होता. पहिला डबाही त्यानेच पैसे भरून मागवून दिला. हे कळल्यावर मला त्या व्हिडिओपेक्षा त्या भावाबद्दल जास्त बोलावंसं वाटलं. आम्ही बराच वेळ त्याच्याबद्दलच बोललो.

मालकांनी स्वतःच बोट पुढे केलं. जेवून तीन तास झाले होते. आकडा ३१२. मी काहीच बोलले नाही. अक्कांची दहावीतली लेक बाजूला बसली होती, तिला म्हटलं, त्या डॉक्टरचा फोटो शोधून बघायचा का तुझ्या मोबाईलवर? कसा काढायचा तेवढं दाखवलं, बाकी सगळं तिने केलं. परदेशी पान उघडलं, तोच माणूस. एका फोटोत डॉक्टर, दुसऱ्यात तोच स्वयंपाकी, तिसऱ्यात चष्मा लावून बँकेतला साहेब. तिने आईला एकेक फोटो तेलुगूत सांगितला. अक्का बराच वेळ त्या स्वयंपाक्याकडे बघत राहिल्या.

गोळी मी स्वतःहून परत सुरू करून दिली नाही. जखम होती, तीन-चार महिने औषध बंद होतं, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, जखमेचं ड्रेसिंग सुरू केलं. अंगठा वाचला. १० तारखेनंतर अक्का परत माझ्याकडे येतात.

तम्मुडूला लेकीने फोन केला. तो आधी चिडला, मग दोन दिवसांनी त्याने विचारलं, तो फोटो कसा शोधायचा.

पुढची बॅच श्रावण संपल्यावर आहे. फी तीच. मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या, चार्जिंगला जागा दोनच आहेत. मी अक्कांच्या लेकीचे आणि आमच्या गल्लीतल्या आशाताईंचे पैसे भरून ठेवलेत. तिसऱ्या रविवारातला एक तास तेलुगूत द्या, ही पोरगी आणि मी मिळून घेतो, असं बाईंना कळवलंय. त्यांनी विचार करून सांगते म्हटलंय, अजून फोन आलेला नाही.